‘मॅडम, पत्रिकेवरच अडलंय सगळं’

लग्न ठरलेली मुलं-मुली, त्यांचे आईबाबा, कधी मोठा भाऊ नाहीतर मावशी, असे लोक माझ्याकडे समुपदेशनासाठी बरेच येतात आणि सुरुवात जवळजवळ ठरलेली असते. आम्हाला लग्न साधं करायचंय, कर्ज काढायचं नाहीये, दोन्ही घरांचं त्यावर एकमत आहे, आणि तरी पत्रिकेच्या डिझाइनवरून घरात बोलणं बंद झालंय. पत्रिकेवरून! हॉल ठरला तेव्हा कोणी काही बोललं नाही, फोटोग्राफरला अॅडव्हान्स देताना कोणी हरकत घेतली नाही, आणि एकूण खर्चात जिचा वाटा अगदी किरकोळ त्या पत्रिकेवर मात्र सगळं घर पेटलेलं. मग पुढचं वाक्य येतं, "इतक्याशा गोष्टीवरून असं होतंय तर पुढे काय होणार?" ही काळजी मी इतक्या जणांकडून ऐकलीये की एकदा नीट लिहायचं ठरवलं. त्यासाठी एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं थोडक्यात दिलंय.

ती आधी एकटीच आली. नोकरी करणारी, हिशोबाला पक्की, फोनमध्ये बजेटची शीट उघडूनच बसली. तिचं आणि होणाऱ्या नवऱ्याचं ठरलं होतं की छापील पत्रिका नकोच, डिजिटल पाठवायची, आणि वाचलेले पैसे घर लावायला ठेवायचे. बाबांना मात्र जाड कार्ड, सोनेरी फॉइल, आत दोन-तीन वेगवेगळी पानं आणि वर बॉक्स हवा होता, आणि तोही यादीतल्या प्रत्येकाला.

"ते माझं बजेट मोडतायत मॅडम," ती म्हणाली.

"बजेट कोणी केलंय?"

"आम्ही दोघांनी."

"आणि पैसे कोण कोण घालतंय?"

ती थांबली. "आम्ही दोघं... आणि अर्धे बाबा."

"मग बजेट करताना बाबा कुठे होते?"

यावर ती काही बोलली नाही, आणि मीही बोलले नाही. समोरचा माणूस गप्प झाला की लगेच काहीतरी सुचवायचा मोह होतो. इतक्या वर्षांच्या कामात तो मोह मी बाजूला ठेवायला शिकलेय, आणि मला वाटतं माझं निम्मं काम तिथेच होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्यांना फक्त शीट पाठवली होती." म्हणजे पैसे घालणारे तिघं आणि आकडे ठरवणारे दोघं. तिसऱ्याला आपलं म्हणणं मांडायला जी पहिली जागा मिळाली ती पत्रिका. हॉलच्या वेळी त्याला काय कळणार, तिथे मोठमोठे आकडे, पॅकेज, टॅक्स असलं सगळं असतं. पत्रिका मात्र हातात धरता येते, रंग आवडला की नाही हे कोणालाही सांगता येतं. १९५७ मध्ये पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश लेखकाने हीच गोष्ट कमिट्यांबद्दल मांडली होती, की अणुभट्टीचा प्रचंड खर्च काही मिनिटांत मंजूर होतो कारण तो कोणालाच नीट कळत नाही, आणि सायकली ठेवायच्या शेडवर लांबलचक चर्चा होते कारण शेड सगळ्यांना कळते. लग्नघरात ही शेड म्हणजे पत्रिका.

पण माझ्या मते कारण एवढंच नाही, आणि हे मला पुस्तकात कुठे मिळालं नाही, लोकांचं ऐकून ऐकून लक्षात आलं. लग्नाच्या तयारीत आपण कितीतरी गोष्टी मोघम ठेवतो. कोणाला बोलवायचं ते बघू, नावं कोणाची घालायची ते बघू, कार्यक्रम किती ते बघू, जेवण सगळ्यांना की जवळच्यांनाच तेही बघू. हॉल बुक करताना "साधारण इतके लोक" म्हणून चालतं. पत्रिका छापताना ‘साधारण’ चालत नाही. तिथे नाव येतं किंवा येत नाही, वेळ लिहावी लागते, आमंत्रण एकट्याला की घरच्यांना हे लिहावं लागतं, आणि प्रती किती हा आकडा प्रिंटरला द्यावा लागतो. पुढे ढकललेले सगळे निर्णय त्या एका कागदावर एकदम वसुलीला येतात. त्यामुळे पत्रिकेवरून भांडण झालं म्हणजे आपलं घर क्षुद्र आहे असं अजिबात समजू नका. उलट भांडण योग्य जागी झालंय, फक्त ते कागद आणि फॉइलबद्दल चाललंय असं सगळ्यांना वाटतंय.

मी तिला सांगितलं, पुढच्या वेळी बाबांना घेऊन ये. ती म्हणाली ते येणार नाहीत. ते आले. हा अनुभव मला वारंवार येतो, ‘येणार नाहीत’ असं ज्यांच्याबद्दल ठामपणे सांगितलं जातं ते बरेचदा फक्त कोणीतरी विचारायची वाट बघत असतात.

बाबा शांत, कमी बोलणारे गृहस्थ. येताना तीन सॅम्पल कार्डं पिशवीतून घेऊन आले होते. मी ती हातात घेतली, नीट बघितली, त्यातलं एक खरंच सुंदर होतं आणि तसं त्यांना सांगितलंसुद्धा. मग विचारलं, "हे इतकं जाड कार्ड का हवंय तुम्हाला?"

"चांगलं दिसतं."

"कोणाला चांगलं दिसायला हवं?"

"लोकांना. दुसऱ्याच्या घरात आपली पत्रिकाच आधी पोचते ना मॅडम."

"आणि ती बघून लोकांनी काय म्हणायला हवं?"

त्यांनी बराच वेळ घेतला. "काही म्हणायला नको. म्हणजे... काही वावगं म्हणायला नको."

कौतुक व्हावं ही त्यांची इच्छाच नव्हती, हे मी मनात नोंदवलं. बोल लागू नये एवढंच हवं होतं. ही दोन कारणं बाहेरून अगदी सारखी दिसतात, दोन्हीकडे माणूस महागडं कार्डच मागतो, पण बोलणं कुठल्या दिशेने न्यायचं ते यावरून ठरतं. ज्याला कौतुक हवंय त्याला दुसरी सुंदर आणि स्वस्त गोष्ट दाखवता येते. ज्याला भीती आहे त्याला कितीही सुंदर आणि स्वस्त पर्याय दाखवा, तो ‘नाही’च म्हणणार, कारण स्वस्त हा शब्दच त्याला घाबरवतो. ती मुलगी कितीतरी आठवडे बाबांना छान छान डिजिटल टेम्प्लेट दाखवत होती आणि बाबा अजून जाड कागद शोधत होते, ते याचमुळे.

म्हणून मी विचारलं, "गेल्या वर्षभरात तुमच्याकडे आलेल्या पत्रिकांपैकी एखादी आठवतीये? रंग, कागद, काहीही."

त्यांनी खरंच आठवून बघितलं. "नाही बुवा."

"आणि न आलेली एखादी आठवतीये?"

हा प्रश्न मी ठरवून विचारला नव्हता, त्यांच्या आधीच्या ‘वावगं म्हणायला नको’ मधून तो आला. आणि ते लगेच बोलायला लागले. चुलत भावाच्या मुलाचं लग्न. पत्रिका नाही, फोन नाही, दोन दिवस आधी नातेवाइकांच्या मोठ्या ग्रुपवर एक फोटो आला आणि खाली ‘सर्वांना आग्रहाचं निमंत्रण’. त्या दिवशी हे आणि बायको घरी बसून राहिले. "बोलावलं नाही असं म्हणता येणार नाही मॅडम. पण आमचं नाव कुठेच नव्हतं." त्या भावाला त्यांनी आजपर्यंत काही म्हणलं नव्हतं, पण त्यानंतर त्याच्या घरीही गेले नव्हते.

मुलगी शेजारीच बसली होती. "बाबा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात."

"मला वाटलं आई बरी नव्हती म्हणून तुम्ही गेला नाहीत."

मग ती एकदम म्हणाली, "म्हणजे मी डिजिटल म्हणले की तुम्हाला ते वाटलं? ग्रुपवर टाकणार असं?"

"मग अजून कसं असतं डिजिटल?"

"बाबा, मी प्रत्येकाच्या नावाने वेगळं बनवून एकेकाला पाठवणार होते! आणि मोठ्यांना फोन करणार होते."

कितीतरी आठवडे हे दोघं एकाच शब्दावरून भांडत होते आणि दोघांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळी चित्रं होती. मी मध्ये काही बोलले नाही. थोड्या वेळाने फक्त विचारलं, "समोरच्याला त्याचं नाव दिसायला फॉइल लागतं का?"

बाबांनी हातातल्या सॅम्पलकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले. "पेन पुरतं."

इथे गोष्ट संपली असं वाटेल, त्या दोघांनाही तेव्हा वाटलं, पण मला अजून एक काम बाकी दिसत होतं. पेनने नाव घातलं तरी कोणीतरी काहीतरी बोलणारच आहे, आणि तसं झालं की बाबा पुन्हा त्याच भीतीने दुसरा खर्च वाढवणार, कार्डाच्या जागी डेकोरेशन येईल. समुपदेशनात मी ज्या विचारांची आहे त्याचा पाया अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्याला त्रास होतो तो आपल्या इच्छेमुळे नाही, इच्छेचा हट्ट झाला की होतो. लोकांनी वाईट बोलू नये ही इच्छा अगदी रास्त आहे. लोकांनी वाईट बोलताच कामा नये, बोलले तर मला ते सहनच होणार नाही, हा हट्ट. आणि हट्टाला पैसे पुरत नाहीत, कारण जगात असा कुठलाच कागद नाही की जो मिळाल्यावर कोणीच काही बोलणार नाही.

म्हणून मी विचारलं, "समजा सगळं नीट केलं आणि तरी कोणी म्हणालं, एवढीच पत्रिका?"

"वाईट वाटेल."

"खूप?"

"हो, वाटेल."

"सहन होईल?"

त्यांनी मुलीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "होईल की. त्या लग्नाचं झालंच ना सहन."

माझ्यासाठी ह्या भेटीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. ज्या प्रसंगामुळे ते इतकी वर्षं धास्तावले होते तोच प्रसंग आता त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला. अपमान झाला होता, झोंबला होता, आणि तरी माणूस टिकला होता. मी त्यांना हे सांगितलं असतं तर ते उपदेश म्हणून ऐकून घेतलं असतं आणि विसरले असते. ते त्यांनी स्वतः सांगितलं म्हणून टिकलं. पुढच्या भेटींमध्ये डेकोरेशन आलं, फोटो आले, मानपान आले, आणि दरवेळी बाबाच स्वतःला विचारायचे, हे आवडतंय म्हणून की भीतीपोटी? मला विचारावं लागलं नाही.

आता त्यांनी काय ठरवलं ते सांगते, कारण ‘भावना समजून घ्या’ एवढ्यावर कोणाचं बजेट बसत नाही.

आधी यादी. त्यांच्या यादीत साधारण तीनशे नावं होती आणि बाबा तीनशे कार्डांचाच भाव काढत होते. पण कार्ड माणशी जात नाही, घरटी जातं. नावं घरांप्रमाणे एकत्र केली तेव्हा ती एकशेवीसच्या आसपास घरं निघाली. हे इतकं साधं आहे की सांगायला संकोच वाटतो, पण चिडलेल्या घरात हे कोणी करत नाही, कारण यादी उघडली की कोणाची माणसं जास्त हे भांडण सुरू होतं. मग त्या घरांमधून ज्यांना कागद हातात मिळण्याचं खरंच महत्त्व आहे, वयस्कर लोक, फारसा फोन न वापरणारे, आणि बाबांच्या मनातले काही खास, अशी सत्तरेक घरं छापील पत्रिकेसाठी वेगळी काढली. बाकीच्यांना नाव घालून डिजिटल, एकेकाला, आणि सोबत फोन. ग्रुपवर काहीही टाकायचं नाही हा नियम बाबांनी घातला आणि मुलीने तो शीटच्या वरच लिहिला.

छपाईचं गणित लोकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. मोठ्या ऑफसेट मशीनवर प्लेट बनवायचा खर्च आधीच लागतो, त्यामुळे प्रती खूप असतील तर ती परवडते, आणि शंभरच्या आतबाहेर प्रती असतील तर बहुतेक वेळा प्लेट न लागणारा डिजिटल प्रिंट स्वस्त पडतो. फॉइल किंवा उठावाच्या अक्षरांसाठी वेगळा साचा लागतो, म्हणजे तुम्ही पन्नास छापा की पाचशे, तो खर्च तेवढाच, आणि कमी प्रतींवर तो दर कार्डामागे जड होतो. ‘थोडंसंच फॉइल, फक्त नावांवर’ म्हणलं तरी साचा लागतोच, त्यामुळे थोडंसं म्हणून फार काही वाचत नाही. कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. ऑफिसातला साधा कागद ८० च्या आसपास असतो, २५० ते ३०० चं कार्ड हातात भक्कम लागतं, त्याच्या पुढे गेलात तर घेणाऱ्याला फरक फारसा कळत नाही पण बिलात कळतो. आकाराचंही तसंच. ए-५, म्हणजे नेहमीच्या ए-४ कागदाच्या निम्म्या आकाराचं कार्ड ३०० जीएसएमचं घेतलं तर साधारण सव्वानऊ ग्रॅम भरतं, ए-६ त्याच्या बरोबर निम्मं, आणि पाकीटही लहान लागतं. पोस्टाने किंवा कुरियरने जाणार असेल तर बॉक्स, रिबीन, आतली जास्तीची पानं ही प्रत्येक गोष्ट दोनदा पैसे घेते, एकदा बनवताना आणि एकदा पाठवताना. चौकोनी पाकीट छान दिसतं खरं, पण काही देशांत पोस्टाच्या मशीनमधून ते नीट जात नाही म्हणून जास्त पैसे पडतात, तेव्हा ऑर्डर द्यायच्या आधी एक नमुना पोस्टात नेऊन वजन करून विचारून घ्या.

ह्या घराने आतली सगळी पानं काढली. पत्ता, नकाशा, वेळापत्रक, येणार की नाही ते कळवायची सोय, हे सगळं एका वेबपेजवर टाकलं आणि कार्डाच्या मागे क्यूआर कोड छापला. याचा फायदा पैशांपेक्षा मोठा आहे, कारण जे बदलू शकतं ते कागदावर राहत नाही, आणि एखादी वेळ बदलली म्हणून सगळं पुन्हा छापावं लागत नाही. कोड फार बारीक छापू नका, दोन सेंटीमीटर तरी ठेवा, आणि फायनल प्रिंटच्या आधी कागदावर काढून तीन-चार वेगवेगळ्या फोनवर उघडतोय का बघा. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी एक फोन नंबर हवाच. प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, मात्र घरातल्यांनी तपासू नये, घरातल्या माणसाला जे असायला हवं तेच दिसतं. बाहेरच्या कोणाला तरी द्या आणि तारीख व वार कॅलेंडर समोर ठेवून जुळवायला सांगा. प्रती मोजून न घेता दहाएक टक्के जास्त घ्या, नंतर दहा प्रती पुन्हा छापणं फार महाग पडतं, आणि पाकिटं त्याहून थोडी जास्त, कारण हाताने नावं घालताना चुका होतात. नावं बाबांनीच घातली. त्यांचं अक्षर सुंदर होतं हे मला तेव्हा कळलं, मुलीने फोटो दाखवला होता.

पत्रिका सुटली तशी बाकीच्या खर्चाची गाठही सैल झाली, आणि त्यात मी एक गोष्ट आग्रहाने करायला लावते. पैसे घालणाऱ्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, जी झाली नाही तर त्याला पुढे हळहळ वाटेल. एकच, आणि तिचं कारण द्यायचं नाही. बाकीच्यांनी तिच्यावर मत द्यायचं नाही, फक्त तिची रक्कम आधी ठरवून बाजूला काढायची. इथे मुलीला चांगले फोटो हवे होते, होणाऱ्या नवऱ्याला गाणाऱ्या मित्रांसाठी नीट साउंड सिस्टीम, बाबांना सगळ्यांना बसून जेवण. एवढं बाजूला काढल्यावर उरलेल्या प्रत्येक गोष्टीत ‘पुरेसं बरं’ हा एकच निकष. तुम्ही म्हणाल बाबांची मागणी सगळ्यात महाग की, हो, होतीच, आणि ती तशी आहे हे त्यांना आकड्यात दिसल्यावर डेकोरेशन अर्धं करा असं तेच म्हणाले.

दुसरी गोष्ट, एकूण आकडा आधी, त्यातला दहावा भाग आधी सांगता न येणाऱ्या खर्चाला, आणि मग माणसं किती. याच क्रमाने. कारण लग्नातले खर्च दोन जातींचे असतात, काही माणशी वाढतात, जेवण, खुर्च्या, टेबलावरची छपाई, आणि काही माणसं कितीही आली तरी तेवढेच राहतात, फोटो, साउंड. माणसांचा आकडा ठरल्याशिवाय पहिल्या जातीचा कुठलाच भाव खरा नसतो. टेबलावरची छपाई म्हणजे मेन्यू कार्ड, नावाच्या पट्ट्या, कार्यक्रमपत्रिका, यातलं जवळजवळ सगळं दारातल्या एका मोठ्या बोर्डावर आणि दर टेबलाला एका कार्डावर भागतं.

आणि ‘एवढ्यात काय अजून थोडं’ या वाक्यापासून जपा. टव्हर्स्की आणि काहनेमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये एक प्रयोग छापला होता. पंधरा डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांवरच्या दुकानात पाच डॉलरने स्वस्त मिळतोय तर जाल का, असं विचारल्यावर ६८ टक्के लोक हो म्हणाले. तेच पाच डॉलर सव्वाशे डॉलरच्या वस्तूवर वाचत असतील तर फक्त २९ टक्के. पाच डॉलर तेच, वीस मिनिटं तीच. लग्नात सतत मोठे आकडे डोळ्यांसमोर असतात, म्हणून एरवी ज्या रकमेसाठी आपण दोन दुकानं फिरू ती रक्कम बोलताबोलता ‘टाका त्यात’ होते. उपाय सोपा आहे, प्रत्येक वाढीव खर्च लग्नाच्या एकूण बजेटशी न लावता महिन्याच्या घरखर्चाशी लावून बघा. ती मुलगी शीटमध्ये तसा एक वेगळा कॉलमच करायची.

माणसं कमी करावीत का, हे मला फार जण विचारतात, आणि माझं उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटतं. अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी लग्न झालेल्या, म्हणजे कधी ना कधी लग्न केलेल्या, तीन हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली होती, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात लग्नावर आणि अंगठीवर जास्त खर्च केलेल्यांमध्ये घटस्फोटाचा धोका जास्त दिसला, आणि लग्नाला जास्त माणसं आलेल्यांमध्ये तो कमी दिसला. यातून खर्चामुळे लग्न मोडतं असं सिद्ध होत नाही, मी तसं कोणाला सांगतही नाही, पण खर्च आणि माणसं ह्या दोन गोष्टी वेगळ्या धरता येतात एवढं त्यातून नक्की दिसतं. त्यामुळे बजेट तुटलं की पहिली कात्री यादीला लावायची सवय मला पटत नाही. आधी माणशी खर्च कमी करता येतो का बघा, वेळ बदलून, दिवस बदलून, सोहळा छोटा ठेवून, कधीकधी सगळ्यांसाठी तासाभराचा साधा मेळावा आणि जवळच्यांसाठी वेगळं जेवण करून. यादी छाटायचीच असेल तर मग एकच नियम सगळ्यांना लावा, म्हणजे अमुक नात्यापर्यंत, किंवा गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याशी बोललोय ते. माणूस बघून नियम वाकवला की तिथूनच नवी कटुता सुरू होते, आणि ती लग्नानंतरही राहते.

ज्यांना बोलावता येणार नाही त्यांना कळवायचं कसं, ही अडचण बाबांनाही होती. आम्ही मिळून वाक्य तयार केलं, "मुलीचं लग्न आहे, छोटंच करतोय म्हणून सगळ्यांना बोलावता येत नाहीये, पण तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मी स्वतः फोन केला." माफी नाही, लांबलचक कारणं नाहीत. त्यांनी असे फोन लग्नाच्या आधी केले, आणि पहिला फोन त्याच चुलत भावाला केला, जरी तो बोलावलेल्यांच्या यादीत होता. काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शेवटी कर्जाबद्दल, कारण निम्म्या लोकांचा खरा प्रश्न तो असतो आणि तो ते उठताना, दारापाशी विचारतात. सोहळ्यासाठी कर्ज काढूच नका असं मी कोणाला म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. पण काढायच्या आधी हप्ता किती आणि किती महिने, हे दोन आकडे कागदावर लिहा, आणि तो हप्ता लग्नाच्या आधीच दोन-तीन महिने बाजूला टाकून बघा, जमतंय का. जमलं नाही तर उत्तर मिळालं, आणि टाकलेले पैसे तुमच्याकडेच आहेत. होणाऱ्या जोडीदाराला हे कर्ज माहीत नसेल, आईवडील काढतायत म्हणून त्याच्यापासून किंवा तिच्यापासून लपवलं असेल, तर आधी ते सांगा, आणि तोपर्यंत प्रिंटरला फायनल देऊ नका.